बावीस जण, तीन बँड : आमराईतल्या फिरण्याच्या गटाची वही

१ जून २०२५, रविवार

सांगलीच्या आमराईत सकाळी फिरणाऱ्या आमच्या गटात फिटनेस बँडवरून (मनगटावर बांधायचं, पावलं आणि नाडी मोजणारं यंत्र) बरेच दिवस वाद चालला होता. काहींच्या मुलांनी पुण्याहून पाठवलेत, ते म्हणतात फार उपयोगी. बाकीचे म्हणतात, पाय आपले, दम आपला, मधे यंत्र कशाला? अण्णा, म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, त्यांचं तिसरंच. "घ्यायचा तर घ्या अन् फिरवा की. तिकिटाचं मशीन काय प्रत्येकाच्या घरी असतंय व्हय?"

ते सगळ्यांना पटलं. माणशी ३०० रुपये काढले, २२ जणांचे ६,६०० झाले. कमी किमतीतले, जीपीएस नसलेले तीन बँड घेतले, एक २,०९९ ला, म्हणजे ६,२९७. शिल्लक ३०३. भिशीसारखी चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव येईल त्यानं बँड तीन आठवडे वापरायचा आणि पुढच्याला द्यायचा. मी वीज बोर्डात मीटर टेस्टिंगला होतो म्हणून वही माझ्याकडे आली. दुसऱ्या कुठल्या गटाला असं करायचं असेल तर आमचे अडलेले दिवस तरी वाचावेत, यासाठी या नोंदी.

३ जून

बँड डब्यातून काढून चार्ज केला की चालू होईल अशी समजूत होती. फोनशी जोडल्याशिवाय तो वेळसुद्धा दाखवत नाही. मग अ‍ॅप, खातं, ई-मेल, ओटीपी. गटातल्या निम्म्या लोकांचा ई-मेल मुलाच्या फोनवर आणि मुलगा हिंजवडीत. दोन दिवस यातच गेले.

अ‍ॅपनं कॉन्टॅक्ट्स, मेसेज, कॉल आणि लोकेशनची परवानगी मागितली. पहिल्या तिन्हीला नाही म्हटलं, काही अडलं नाही. लोकेशन बंद ठेवलं तर आमच्या जुन्या फोनला ब्लूटूथवर बँडच सापडेना, म्हणून जोडणीपुरतं चालू केलं आणि परत बंद.

खरी अडचण पुढं आहे. बँड एका खात्याला बांधला जातो. दुसऱ्याच्या फोनवर न्यायचा तर अनपेअर करून (जोडणी तोडून) रीसेट मारावा लागतो आणि आधीचा हिशेब पहिल्या फोनवरच राहतो. तीन आठवड्यांनी हे सगळं पुन्हा करायला कोण बसणार? तोडगा असा : तिन्ही बँड माझ्या घरच्या एका जुन्या फोनवर, तीन खात्यांत. बँड बदलेल त्या रविवारी नव्या माणसाचं वय, उंची, वजन मी भरणार. पावलांचा आकडा मात्र ज्यानं त्यानं रात्री झोपताना बँडवर बघून वहीत लिहायचा. मध्यरात्री तो शून्य होतो, त्यामुळे 'उद्या लिहितो' चालणार नाही. साध्या बटणांच्या फोनवाल्यांचीही यात सोय झाली.

८ जून, रविवार

मीटर तपासताना शेजारी खात्रीचा मीटर लावतात. इथं खात्रीचा मीटर कुठला? बाईंनी (कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका) जपमाळ आणली. १०८ मणी. दर १० पावलांना एक मणी सरकवायचा, माळ पूर्ण झाली की १,०८० पावलं. माळ चालणाऱ्याच्या हातात नको, हात अडकतो. शेजारून दुसऱ्यानं चालत मोजायचं.

मोकळ्या हातानं, नेहमीच्या चालीनं, तिन्ही बँड एकाच माणसाच्या डाव्या मनगटावर ओळीनं बांधून : १,०६६, १,०९१, १,०७४. म्हणजे चूक दीड टक्क्याच्या आत. घरगुती वीजमीटरला एक टक्का चूक चालते, त्या मानानं दोन हजाराच्या वस्तूला हे उत्तमच. मी चिडवायच्या तयारीनं आलो होतो, गप्प बसलो.

१५ जून, रविवार

पाऊस लागलाय. छत्री धरलेल्या हातात बँड असेल तर तो मंद चालतो, एका माळेमागे साठ-सत्तर पावलं खाल्ली. हात हलत नाही हे कारण. भाजीची पिशवी धरली तरी तेच.

काठी टेकत, पाय घासत चालणाऱ्या एका आजोबांना बरोबर घेतलं. त्यांची एक माळ झाली तेव्हा बँडवर ७४०. ज्याला चालायला सगळ्यात जास्त कष्ट पडतात त्याचीच एक तृतीयांश पावलं गायब. बँडच्या आत हादरा मोजणारा सेन्सर असतो. हादरा ठरावीक जोराचा आणि ठरावीक तालात आला तरच तो पाऊल धरतो, हळू चाल त्याच्या हिशेबातच बसत नाही. तोच बँड घोट्याला बांधला तेव्हा आकडा हजारावर गेला. आजोबांचा बँड पायातल्या मोज्यावर, ही नोंद करून ठेवली.

उलटा प्रकारही झाला. विश्रामबागेतून मिरजेला स्कूटरवरून जाऊन आलो, पाऊल एक टाकलं नाही, दोनशेच्या वर जमा. खड्ड्यांची पावलं. आणि घरी मंडळींनी कणीक मळताना दीडशे मिळवली, ती मात्र मी खरी धरतो.

६ जुलै, आषाढी एकादशी

पहिली चिठ्ठी अण्णा, मामी आणि बँकवाले काका यांची निघाली होती. बँड २२ जूनला दिले. पाठोपाठ कुणीतरी उत्साहानं आमराईतल्या बाकाशेजारी फळा टांगला, रोजची पावलं आणि पहिला नंबर. तेव्हा सगळ्यांनाच गंमत वाटली.

आज खिचडीवर बोलणं निघालं. बँकवाले काका म्हणाले, सकाळी ४१० कॅलरी जळाल्यात, एक वाटी जास्त चालते. मी त्यांचा बँड घेतला, अ‍ॅपमध्ये त्यांचं वजन ६२ च्या जागी ८२ भरलं आणि त्यांना तीच फेरी त्याच चालीनं मारायला लावली. आकडा भलताच वाढला. बँड कॅलरी मोजत नाही, वय, वजन, नाडी आणि हालचाल यांवरून अंदाज बांधतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठानं मनगटावरची सात यंत्रं तपासली. नाडी बहुतेकांची ठीक निघाली, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. असला मीटर आम्ही सील करून परत पाठवला असता.

साबुदाण्याच्या खिचडीत तूप आणि दाण्याचं कूट किती, ते काकूंना विचारावं. वजन उतरवायला बँड घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी : अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांनी ४७१ तरुणांवर दोन वर्षं प्रयोग केला, तो २०१६ मध्ये छापून आला. आहार आणि व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच होता. बँडवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो उतरलं, बिनबँडवाल्यांचं ५.९. काकांना हे सांगितलं. त्यांनी खिचडी घेतलीच, पण बँडचं नाव न काढता.

१२ जुलै

फळा उतरवला. मामींनी दोन दिवस ओळीनं चौदा हजार पावलं केली, पहिला नंबर आला आणि उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी आठ दिवस फिरणं बंद सांगितलं. त्या मुळात चार हजारवाल्या. अण्णांचा एका रविवारचा आकडाही संशयास्पद होता. चौकशीत कळलं, बँड नातवानं क्रिकेटला नेला होता. अण्णांचं म्हणणं, "पास आमच्या नावाचा, प्रवास पोरानं केला, त्यात काय गुन्हा?"

नवा नियम : ज्याची पावलं त्याच्याच कालच्या पावलांशी लावायची. वही मिटलेली, दुसऱ्याचं पान बघायचं नाही. आणि आठवड्याला पाचशेपेक्षा जास्त वाढवायची नाहीत. हा पाचशेचा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, मामींच्या गुडघ्यावरून काढलेला आहे.

२७ जुलै, रविवार

व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळपासून एकच बातमी फिरतेय, दहा हजार नकोत, सात हजार पुरेत. या वेळी फॉरवर्ड खरा निघाला. लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात याच आठवड्यात छापून आलंय. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर रोज दोन हजार पावलांच्या मानानं सात हजारवाल्यांचा मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी दिसला.

बँडमध्ये दहा हजारांचं उद्दिष्ट आधीच भरलेलं येतं आणि ते झालं नाही की संध्याकाळी मनगट थरथरतं. तो आकडा आला तो बाजारातून. १९६५ साली जपानमध्ये एक पेडोमीटर, म्हणजे पावलं मोजायचं यंत्र, विकायला आला, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, तिथून तो जगभर गेला. आमच्या वयाला जास्त लागू पडणारा अभ्यास २०१९ चा आहे. सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांवर बायका. २,७०० पावलंवालींपेक्षा ४,४०० वालींचा मृत्युदर ४१ टक्क्यांनी कमी, आणि साडेसात हजारांच्या पुढं फायदा वाढायचा थांबला. अर्थात ज्यांची तब्येत बरी त्या चालतातही जास्त, हे बाईंनी लगेच बोलून दाखवलं. बरोबर आहे, अशा अभ्यासात ती शंका पूर्ण जात नाही.

तिन्ही बँडमधलं उद्दिष्ट बदलून आधीच्या आठवड्याची सरासरी अधिक पाचशे केलं. अ‍ॅपमध्ये ही सोय आत खोल दडवलीय, पण आहे. संध्याकाळची थरथर बंद केली.

३ ऑगस्ट, रविवार

तिसरी पाळी. एक बँड आजींकडे गेला, वय ७६. नाडीच्या जागी नुसत्या रेघा. पट्टा घट्ट केला, मनगट पुसलं, चार्ज केला, तरी रेघा. बँड बदलला, तसंच. अर्धा तास घालवल्यावर बाईंच्या लक्षात आलं : आजींच्या डाव्या मनगटावर, बरोबर सेन्सरखाली, लग्नाआधीचं गोंदण आहे. बँडच्या पाठीला हिरवा दिवा असतो. तो कातडीत उजेड टाकतो, रक्त हिरवा उजेड शोषून घेतं आणि परत येणाऱ्या उजेडाच्या कमीजास्तीवरून ठोके मोजले जातात. मधे शाई आली की ती उजेड खाऊन टाकते. उजव्या मनगटावर बांधला, लगेच ७२. पण तिथं बांगड्या. चार काचेच्या, काढायला आजी तयार नाहीत आणि आम्हीही म्हटलं नाही. शेवटी बांगड्यांच्या मागं चार बोटं वर, हाताच्या जाड भागावर बसवला. तिथं उलट जास्त स्थिर चालतो. आता सगळ्याच बायकांना तिथंच सांगतो.

दुसऱ्या बँडवाल्यांना पट्ट्याखाली लाल चट्टे आले. घाम, साबण आणि चोवीस तास आवळलेलं रबर. वर तोच पट्टा तिसऱ्या माणसाच्या हातावर. यापुढं पट्टा ज्यानं त्यानं आणायचा (१२० रुपये), बँड तेवढा फिरणार. अंघोळीला काढायचा, पट्टा धुऊन कोरडा करूनच घालायचा.

एक चार्जर हरवला, २५० चा नवा आणला. शिल्लक ५३.

१० ऑगस्ट, रविवार

गटातल्या एकानं परस्पर एक घड्याळ आणलं. रस्त्यावरच्या दुकानातून, बाराशेला, बीपी आणि साखर दोन्ही दाखवणारं. सुई नको, पट्टा फुगवायला नको. गेले चार दिवस ते यावर बीपी बघत होते आणि 'नॉर्मल आहे' म्हणून परवा गोळी घेतलीच नव्हती. कळल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

भाषण न देता पंचा मागवला. घट्ट गुंडाळी केली, त्यावर घड्याळ बांधून बाकावर ठेवलं. दिवा लुकलुकला, आकडे फिरले, आणि पंचाचं बीपी आलं ११८/७६, नाडी ७८. साखर १०४. पुन्हा लावलं, १२१/७९. कुणी हसलं, कुणी फोटो काढले. घड्याळाचे मालक काही बोलले नाहीत, घरी जाऊन गोळी घेतली आणि दुपारी मला फोन केला.

साखरेचं तर स्पष्टच आहे. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना मान्यता देणारं सरकारी खातं) फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की कातडीला न टोचता नुसत्या घड्याळानं किंवा अंगठीनं साखर मोजतो म्हणणाऱ्या एकाही यंत्राला आम्ही मान्यता दिलेली नाही. टोचायचा ग्लुकोमीटर आणि दंडावरचं बीपी मशीन, यांना पर्याय समजून मनगटावर काही घेऊ नये. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर हे लाल शाईनं लिहिलंय.

३ सप्टेंबर

गणपती चालू. आरत्या टाळ्या वाजवून म्हटल्या, सुखकर्तापासून घालीन लोटांगणपर्यंत जागेवर उभं राहून साडेचारशे पावलं. या दहा दिवसांचे आकडे वहीत वेगळ्या रकान्यात.

१४ सप्टेंबर, रविवार

चौथ्या पाळीत बँड बाईंकडे होता, आज परत आला. त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं. बाई झोपेच्या बाबतीत नशीबवान, दहाला पडल्या की साडेपाचला जाग. बँडनं पहिल्याच सकाळी सांगितलं : झोपेचे गुण ६१, गाढ झोप कमी. आयुष्यभर दुसऱ्यांना गुण देणाऱ्या बाईंना एकसष्ट! त्या नऊला झोपायला लागल्या. अर्थात नऊला झोप येईना, पडून राहायच्या, मधे उठून बँड बघायच्या. गुण ५८. दुपारची वामकुक्षी बंद केली, चहा बंद केला. दुसऱ्या आठवड्यात फिरायला आल्या तेव्हा डोळे ओढलेले. "मला बरं वाटत होतं हो," म्हणाल्या, "हे बघेपर्यंत."

दवाखान्यात झोप तपासतात तेव्हा डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी नोंदवतात. मनगटाला मेंदू कळत नाही. हालचाल थांबली आणि नाडी उतरली की हा झोप धरतो आणि गाढ-उथळ असा अंदाज ठोकतो. किती वाजता आडवे झालात एवढं ढोबळ सांगेल. नियम : रात्री बँड चार्जिंगला, हातावर नाही. बाई परत दहाला झोपतात.

५ ऑक्टोबर, रविवार

पाचव्या पाळीत दोन गोष्टी नाडीच्या, एक उपयोगी आणि एक निरुपयोगी.

एका काकूंची, वय ५८, बसल्या जागची नाडी सतत नव्वदच्या वर दिसत होती. फिरून आल्यावर नव्हे, दुपारी टीव्हीसमोर. बँडवर विश्वास नको म्हणून मनगट धरून ३० सेकंद मोजली आणि दुप्पट केली, तेवढीच आली. तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी, तरी तशीच. मिरजेला डॉक्टरांकडे गेल्या, रक्त तपासलं, थायरॉइड जास्त काम करत होतं. गोळ्या सुरू झाल्या. थायरॉइड बँडनं ओळखलं नाही. त्यानं नाडीचा आकडा रोज डोळ्यांसमोर ठेवला, शंका काकूंना आली, आणि निदान रक्तानं केलं. पण तो आकडा दिसला नसता तर काकू दसऱ्याची दगदग म्हणून सोडून देणार होत्या. तीन बँडांचे पैसे माझ्या मते इथं वसूल झाले.

दुसरे, बीपीसाठी बीटा ब्लॉकरची गोळी घेणारे एक सदस्य, वय ६८. घामाघूम होऊन येतात आणि बँड म्हणतो 'हलका व्यायाम'. त्यांना वाटलं आपण कमी पडतो, म्हणून जोर वाढवत नेला. यंत्राचा हिशेब असा की २२० वजा वय, म्हणजे १५२ ही नाडीची कमाल मर्यादा, आणि व्यायामाच्या पट्ट्या तिच्या टक्क्यांवर. ते गणित मुळात सरसकट, आणि गोळीचं कामच नाडी वर चढू न देण्याचं. ती पट्टी त्यांना कधी लागणारच नाही. त्यांना जुनी पद्धत सांगितली : चालताना बोलता यायला हवं, पण गाता येता कामा नये. अभंग नीट म्हणता आला तर जरा वेग वाढवा, बोलताच येईना तर कमी करा. आता ते झाडांखालून पुटपुटत जातात, लोकांना वाटतं हरिपाठ चाललाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाळ्या संपल्या. २२ पैकी २१ जणांनी बँड वापरला. तात्यांनी चिठ्ठी आल्यावरही घेतला नाही, "मला घरी बायको सांगते किती बसलोय ते." त्यांचे ३०० परत मागितलेले नाहीत.

वही चाळली. जे आधीच रोज तास-दीड तास फिरतात त्यांच्या आकड्यांत तीन आठवड्यांत काहीच बदल नाही, त्यांना बँड म्हणजे दागिना. फरक पडला तो सकाळी एक फेरी मारून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांत. त्यांचा समज होता की आपण भरपूर चालतो आणि रात्री बँडवर निघायचे अडीच-तीन हजार. तिसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेक जण चार हजारांच्या पुढं गेले, दूध आणायला गाडी न काढता. बँडनं पावलं वाढतात हे मोठ्या पाहणीतही दिसलंय, दिवसाला अठराशेच्या आसपास, लॅन्सेट डिजिटल हेल्थ, २०२२. आमच्याकडं तेवढी नाहीत.

बँड काढून घेतल्यावर काय होतं हे बघायला पहिल्या पाळीच्या तिघांना आत्ता दोन-दोन दिवस परत दिला. मामी साडेपाच हजारांवर टिकून आहेत, गुडघा शाबूत. अण्णा होते तिथंच. बँकवाले काका पुन्हा तीन हजारांवर आले आणि त्यांना याचं काही वाटत नाही. तरी कायमचा बँड कुणी घ्यावा असं मी सांगणार नाही. तीन आठवड्यांत तुमचं बसणं किती ते कळतं, पुढं तो तेच तेच सांगतो. थायरॉइडवाल्या काकूंनी स्वतःचा विकत घेतला. डॉक्टरांनी बसल्या जागची नाडी लिहून ठेवायला सांगितलीय, त्यांना कारण आहे.

मिरजेच्या एका ज्येष्ठ नागरिकांच्या गटानं बँड मागितलेत. पुढच्या रविवारी देतोय : तीन बँड, जुना फोन, तिन्ही खात्यांचे पासवर्ड, या वहीची झेरॉक्स आणि ५३ रुपये. चार्जर दोनच आहेत, तिसरा पुन्हा हरवलाय. तो त्यांनी आणायचा.